विश्लेषण : पार्किंगच्या नव्या इपॉक्सीचे पापुद्रे एका पावसात का निघतात? वसई-विरारमध्ये आधी ओल तपासा, रंग नंतर निवडा

पाऊस ओसरला की वसई-विरारमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगकामाची चर्चा सुरू होते. गणपती झालेले असतात, दिवाळी तोंडावर असते आणि तळमजल्याच्या पार्किंगमधला काळवंडलेला, तेलकट कोबा अचानक सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागतो. कुणीतरी एखाद्या मॉलच्या पार्किंगचा फोटो टाकतं. चकचकीत राखाडी जमीन, पिवळे पट्टे, गाड्यांचे नंबर. 'आपल्याकडेही इपॉक्सी करून घेऊ या' असा मेसेज येतो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते.

मग तीन कोटेशन येतात. तिन्हींत रंगाच्या कंपनीचं नाव, किती कोट, जाडी किती आणि चौरस फुटाचा दर ठळक असतो. जमिनीच्या तयारीबद्दल मात्र एकच ओळ असते : 'सरफेस क्लीनिंग'. कमिटी दर बघते, सर्वांत स्वस्त कोटेशन पास होतं आणि पुढच्या जुलैत टायरखालून रंगाचे पापुद्रे निघायला लागतात. मग भांडण रंगाच्या कंपनीवरून होतं. खरा दोष बहुतेक वेळा त्या एका ओळीत असतो.

प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. स्टिल्ट पार्किंग ही सोसायटीची सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे ती जमीन सगळ्यांची आणि तिच्यावरचा खर्चही सगळ्यांच्या मेंटेनन्समधून. ज्यांच्याकडे गाडी नाही तेही हा खर्च भरतात.

इपॉक्सी कशाला चिकटतं?

इपॉक्सी म्हणजे साधा रंग नव्हे. रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक एकत्र केले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि एक कडक, सलग थर तयार होतो. हा थर खूप मजबूत असतो, आणि अडचण तिथेच आहे. तो ज्याला चिकटलाय ते कमजोर असेल तर इपॉक्सी स्वतः तुटत नाही, खालचा पापुद्रा घेऊन वर येतो. उखडलेला तुकडा उलटा करून पाहिला तर मागे सिमेंटची पांढुरकी भुकटी दिसते. कोब्याच्या वरच्या पृष्ठभागावर सिमेंट आणि बारीक मातीची ही कमकुवत साय कोबा ओततानाच तयार झालेली असते. ती खरवडून काढली नाही तर इपॉक्सी कोब्याला चिकटतच नाही, त्या सायीला चिकटतं.

वसई-विरारमधल्या जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट असते. १९८० आणि ९० च्या दशकांत नालासोपारा, वसई रोड, विरार या पट्ट्यात भराभर इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्याचा साधा हिशेब असा : खाली भराव, त्यावर दगडांचं सोलिंग, त्यावर पीसीसी आणि वर गवंड्याने घोटलेला कोबा. अनेक ठिकाणी हा कोबा पीसीसीपासून सुटलेला असतो. हातोडीने किंवा जाड नाण्याने ठोकलं की पोकळ आवाज येतो. त्यावर कितीही महाग रंग लावला तरी गाडी फिरली की खालचा कोबाच फुटणार. म्हणून पहिलं काम ठोकण्याचं. पूर्ण पार्किंग खडूने चौकटी आखून ठोकायचं, पोकळ भागांवर फुली मारायची आणि तेवढा भाग फोडून नव्याने भरायचा. फुल्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर इपॉक्सीचा विचार तिथेच थांबवलेला बरा.

खरा शत्रू खालून येतो

तेल, धूळ, जुना रंग हे डोळ्यांना दिसतं. ओल दिसत नाही. आणि वसईची जमीन म्हणजे ओलीचं घर. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मधला पट्टा सखल, कुठे मिठागरं, कुठे भातशेती, कुठे तलाव, आणि यातल्या बऱ्याच जागी भराव टाकून इमारती. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, अनेक सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. त्यानंतर महापालिकेने आयआयटी मुंबई आणि 'नीरी' यांना पुराच्या कारणांचा अभ्यास करायला सांगितलं. ते पाणी ओसरलं, पण जमिनीखालचं पाणी दर पावसाळ्यात वर येतंच.

काँक्रीट दगडासारखं दिसत असलं तरी ते स्पंजासारखं सच्छिद्र असतं. खालची ओल बारीक छिद्रांतून वर चढते. उघड्या कोब्यावर ती वाफ होऊन उडून जाते, म्हणून कुणाला कळत नाही. फार तर कोपऱ्यात पांढरा लोणा दिसतो. इपॉक्सी लावलं की वरचं दार बंद होतं. ओल थराखाली साठते, सोबत सिमेंटमधले क्षार विरघळवून आणते, आणि हा क्षारयुक्त द्रव इपॉक्सीची पकड सोडवत जातो. आधी रुपयाएवढे फुगे येतात. फोडले तर आत चिकट पाणी असतं. मग टायर फिरतात आणि फुग्यांचे पापुद्रे होतात.

आजच्या कामात काँक्रीटच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, तो ही ओल अडवतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या पार्किंगखाली असा कागद असण्याची शक्यता कमी, आणि आता तो घालताही येत नाही.

चाचणी अगदी सोपी आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवायचा, चारही कडा टेपने घट्ट बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा कोबा गडद झाला असेल तर ओल वर येतेय. एएसटीएम डी ४२६३ या नावाने ही पद्धत जगभर वापरली जाते. खर्च जवळजवळ शून्य. एका ठिकाणी करून भागत नाही. भिंतीलगत, मधोमध, पाण्याच्या टाकीजवळ आणि ड्रेनेजच्या चेंबरजवळ अशा चार-पाच जागी करायला हवी.

पण या चाचणीचीही एक मर्यादा आहे, आणि वसईत ती सर्वांत महत्त्वाची. प्लास्टिक फक्त त्या दिवसाची ओल सांगतं. एप्रिलमध्ये चाचणी केली तर कोबा कोरडा निघेल, ठेकेदार खूश, कमिटी खूश. ऑगस्टमध्ये जमिनीखालचं पाणी वर आलं की तोच कोबा ओला. म्हणजे परीक्षा उन्हाळ्यात घेतली आणि पेपर पावसाळ्यात आला. त्यामुळे इथल्या सोसायट्यांनी क्रम उलटा करायला हवा : चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन सर्वांत ओली असताना, आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना. मधले चार-पाच महिने वाट पाहायची तयारी कुणाचीच नसते, कारण मुहूर्त दिवाळीचा असतो. पण दिवाळीचा मुहूर्त साधण्यासाठी केलेलं काम पुढच्या गणपतीपर्यंत टिकत नसेल तर त्याला काही अर्थ नाही.

जागा मोठी असेल, खर्च मोठा असेल, तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आत सेन्सर बसवून आर्द्रता मोजता येते. हे भोक स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत घेतात, कारण वरचा भाग कोरडा आणि आतला ओला असं नेहमी असतं. रंगाच्या डब्यासोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीपत्रकात किती आर्द्रता चालेल ते लिहिलेलं असतं. ते पत्रक ठेकेदाराकडून मागून घ्यावं. मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तीही एक चाचणीच समजावी.

ॲसिड ओतलं की काम झालं?

स्वस्त कोटेशनमधलं 'सरफेस क्लीनिंग' म्हणजे बहुतेक वेळा ॲसिड. संडास साफ करायला वापरतात तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात मिसळून कोब्यावर ओततात, फेस येतो, झाडूने घासतात आणि पाइपने धुऊन टाकतात. कोबा उजळ दिसतो, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. जुन्या पार्किंगमध्ये ही पद्धत जवळजवळ बंदच व्हायला हवी.

ॲसिड तेलावर काम करत नाही. तेल मुरलेल्या जागी ते पोहोचतच नाही आणि नेमके तेच डाग पुढे उखडतात. दुसरं, सिमेंटमधला चुना आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांच्या क्रियेतून कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. कपाटातली ओल शोषायला जे डबे मिळतात त्यात सहसा हेच मीठ असतं. ते नीट धुतलं गेलं नाही तर इपॉक्सीच्या खाली आपण स्वतःच्या हाताने ओल खेचणारा पदार्थ ठेवून देतो. धुवायला वापरलेलं पाणीही कोब्यातच मुरतं, आणि 'उद्या प्रायमर मारू' म्हणत ते सुकायच्या आधीच काम पुढे जातं.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. काही इमारतींत पार्किंग जमिनीवर नसून खाली टाकी किंवा तळघर असलेल्या स्लॅबवर असतं. तिथे क्लोराइड आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचलं की गंज सुरू होतो. समुद्राजवळचं काँक्रीट मुळातच याला बळी पडतं. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाने किनारपट्टीच्या हवेतलं काँक्रीट 'तीव्र' गटात टाकलंय आणि आरसीसीसाठी किमान एम ३० दर्जा सांगितलाय. बांधकामाच्या वेळी खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर क्षार आधीच आत आहेत. त्यात आणखी भर घालायची गरज नाही.

आणि ते धुतलेलं ॲसिडचं पाणी जातं कुठे? गटारात, तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांत आजही विहिरी आणि बावखलं आहेत. त्यांच्या शेजारी हे पाणी जमिनीत सोडणं कुणालाच परवडणारं नाही.

मग करायचं काय?

आधी तेल. स्कूटरच्या इंजिनाखालचे, रिक्षा उभ्या राहतात तिथले काळे डाग वर्षानुवर्षांचे असतात. त्यावर रॉकेल ओतून घासण्याची पद्धत सर्रास आहे. रॉकेलने डाग पसरतो, पातळ होतो आणि आणखी खोल जातो, शिवाय रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं. पेट्रोल तर बंद पार्किंगमध्ये आगीला आमंत्रण. यासाठी पाण्यात मिसळणारं डीग्रीजर आणि गरम पाणी वापरायचं, ताठ ब्रशने घासायचं आणि मळलेलं पाणी व्हॅक्यूमने उचलायचं. हे दोन-तीनदा करावं लागतं. झालं की नाही हे पाहायला कोब्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. मिनिटभरात मुरले तर छिद्रं उघडी आहेत. मोत्यासारखे वरच बसले तर तेल किंवा जुन्या रंगाचा थर अजून आहे. ही तपासणी सोसायटीचा कुणीही सभासद करू शकतो. त्यासाठी इंजिनीअर लागत नाही.

इथे क्रमाला महत्त्व आहे. तेल काढण्याआधी ग्रायंडर फिरवला तर तेल सगळीकडे पसरतं. आधी तेल, मग ग्रायंडिंग.

ग्रायंडिंग म्हणजे हिऱ्याचे तुकडे बसवलेल्या फिरत्या चकतीने वरची साय खरवडणं. लादीला पॉलिश करणारं मशीन आणि हे मशीन दिसायला सारखं असतं, पण उद्देश उलटा आहे. इथे गुळगुळीत नको, पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा हवा, म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते. किती खरखरीत हवं याचीही मोजपट्टी आहे. सीएसपी नावाच्या या मोजपट्टीवर १ म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, आणि आकडा वाढेल तसा खडबडीतपणा. पातळ इपॉक्सीसाठी साधारण २ ते ३ पुरतो. जाड थर असेल तर जास्त लागतो.

जुना रंग किंवा पूर्वीचं इपॉक्सी वर असेल तर 'त्याच्यावरच मारून देतो' हे वाक्य ठेकेदाराकडून हमखास येतं. ब्लेडने फुलीचे काप घ्यायचे, त्यावर चांगली टेप दाबून चिकटवायची आणि झटक्याने ओढायची. रंग टेपसोबत आला तर तो सगळा काढावा लागणार. सुटणाऱ्या थरावर नवा थर दिला तर दोन्ही मिळून सुटतील, एवढाच फरक.

भेगांबाबत एक सूचना पुरेशी आहे. सगळ्या भेगा सारख्या नसतात. जुनी, स्थिर भेग 'व्ही' आकारात कापून इपॉक्सी मॉर्टरने भरता येते. पण दोन स्लॅबमधला मुद्दाम ठेवलेला सांधा हलण्यासाठीच असतो. तो कडक मसाल्याने भरून वरून रंग ओढला तर पुढच्या उन्हाळ्यात नेमका तिथेच सरळ तडा दिसेल. तिथे लवचीक सीलंट हवं.

धूळ कुणाच्या छातीत जाते?

कोटेशनमध्ये हा मुद्दा कधीच नसतो. कोबा घासताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते, वाळूतल्या क्वार्ट्झची इतकी बारीक पूड की डोळ्यांना दिसतही नाही. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षांनंतर सिलिकोसिस होतो. त्याला बरं करणारं औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा सिलिका धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

प्रत्यक्षात काय दिसतं? तोंडाला रुमाल बांधलेला बिगारी, ढगात हरवलेलं पार्किंग आणि जिन्यातून वरच्या मजल्यांपर्यंत गेलेली पांढरी साय. रुमाल ही धूळ अडवत नाही. ग्रायंडरला जोडलेला औद्योगिक व्हॅक्यूम आणि कामगारांना एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क, या गोष्टी सोसायटीने अट म्हणून लिहायला हव्यात आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. दरात घासाघीस करताना सर्वांत आधी व्हॅक्यूम कापला जातो, हे कमिटीला कळत नाही असं नाही. कामगार बाहेरचा, इमारत आपली, हा हिशेब त्यामागे असतो. तो चुकीचा आहे, आणि तीच धूळ पहिल्या मजल्यावरच्या घरांतही शिरते.

हवामानाचं गणित

तयारी उत्तम झाली तरी दिवस चुकला तर काम फसतं. नियम असा की कोब्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर असतो. म्हणजे कोबा ३० च्या वर हवा. सावलीतल्या तळमजल्याचा कोबा पावसाळ्यात २८ च्या आसपास असला तर त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसू शकतो आणि प्रायमर त्या ओलाव्यावर पडतो. फेब्रुवारीत हवा २५ अंश, आर्द्रता ५५ टक्के असेल तर दवबिंदू १५ च्या जवळ येतो. तिथे भरपूर मोकळीक आहे. पावसाची सर थांबली की लगेच 'चला मारून घेऊ' हा उत्साह म्हणून महागात पडतो. वालीव, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांना हेच लागू आहे. तिथे फरक एवढाच की गाळा बंद ठेवल्याचा रोजचा तोटा मालकाला दिसतो, म्हणून घाई आणखी वाढते.

प्रत्येक पार्किंगला इपॉक्सी हवंच का?

नाही. जिथे पावसाळ्यात प्लास्टिकखाली थेंब जमतात, जिथे दरवर्षी घोट्याएवढं पाणी येतं, तिथे साध्या इपॉक्सीवर पैसे घालू नयेत. ओल सहन करणारे खास प्रायमर मिळतात, सिमेंट मिसळलेलं पॉलीयुरेथेन हाही पर्याय आहे, पण ते महाग आहेत आणि करणारे हात तितके अनुभवी हवेत. बऱ्याच जुन्या सोसायट्यांना सिलिकेटचं हार्डनर मारून घोटलेला, दुरुस्त केलेला कोबा पुरेसा आहे. त्याने धूळ कमी होते आणि ओलीला वाट मोकळी राहते. पेव्हर ब्लॉकला हसणारे खूप आहेत, पण खालून पाणी येणाऱ्या जागी तो उचलून पुन्हा बसवता येतो.

शिवाय चकचकीतपणाचा दुसरा अर्थ निसरडेपणा. ओले बूट, ओले टायर आणि आरशासारखी जमीन, त्यावरून काठी टेकत जाणारे आजी-आजोबा. इपॉक्सी करायचंच असेल तर रॅम्पवर आणि जिन्यासमोर त्यात वाळू पेरून खरखरीत थर घ्यावा. आणि जिथे थेट ऊन येतं त्या प्रवेशाच्या पट्ट्यात साधं इपॉक्सी पिवळं पडतं, हेही फोटोत दिसत नाही.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

'सरफेस क्लीनिंग' ही ओळ खोडून तिच्या जागी कामं वेगवेगळी लिहून घ्यावीत : पोकळ कोबा तोडून भरणं, तेल काढणं, व्हॅक्यूमसह ग्रायंडिंग, भेगा, सांधे, आणि प्रत्येकाचा वेगळा दर. असं केलं की तीन कोटेशनची खरी तुलना होते. कोण कशात कापतंय ते सभेत सगळ्यांना दिसतं. मोठ्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागतेच, तेव्हा हे कागद तिथे मांडता येतात. काम सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात चार फूट बाय चार फूट नमुना करून घ्यावा. त्यावर धातूची गोल चकती चिकटवून ओढून पाहण्याची चाचणी होते. साधारण १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण सहन व्हायला हवा. चकती उपटताना काँक्रीटचा तुकडा सोबत आला तर इपॉक्सीची पकड चांगली. नुसता रंग सुटून आला तर तयारी फसली.

शेवटची अडचण गाड्यांची आहे. इपॉक्सी दुसऱ्या दिवशी पायाखाली कडक लागतं, पण गाडीचा भार आणि गरम टायर सोसायला साधारण सात दिवस द्यावे लागतात. वसई-विरारच्या गल्ल्यांत साठ गाड्या सात दिवस उभ्या कुठे करणार? म्हणून ठेकेदारावर शनिवार-रविवारात उरकण्याचा दबाव येतो, आणि वेळ कमी पडला की कापली जाते ती तयारीच. पार्किंग दोन भागांत विभागून केलं तर मार्ग निघतो, मात्र मशीन आणि माणसं दोनदा आणावी लागतात. तो जादा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्यावा.